चार डायोडचं देणं

तात्यांच्या उधारीच्या वहीत माझ्या नावावर पस्तीस रुपये आहेत, १९९७ च्या जूनपासून. दरवेळी द्यायला गेलो की ते म्हणायचे, "असू दे रं, पुढं बघू." पुढं बघता बघता मी चाळिशी गाठली. दुकान बंद झालं, वही रद्दीत गेली, तात्यांची नजर गेली. ते पस्तीस रुपये अजून माझ्या अंगावर आहेत, आणि त्यांच्यावर चढलेलं व्याज मोजायला मी आज बसलोय.

इंदापूरला आमच्या घरात व्हिडिओ गेम आला तो १९९६ च्या दिवाळीत. वडील एका पतसंस्थेत कारकून होते. बोनस हातात पडला, दिवाळीच्या खरेदीला ते बारामतीला गेले आणि येताना कपड्यांच्या गाठोड्याबरोबर एक खोकं घेऊन आले. सातशे रुपये. आईनं आकडा ऐकला आणि दोन दिवस त्या खोक्याकडं पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्यावर घालायला क्रोशाचं झाकण विणायला घेतलं.

तेव्हा त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणत. कुणाकडं समुराई असायचा, कुणाकडं मीडिया, कुणाकडं लिटल मास्टर. आत घालायची ती 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' छापलेलं असायचं आणि आत फिरून फिरून तेच दहा-पंधरा खेळ निघायचे: मारिओ, कॉन्ट्रा, सर्कस, बदकं, आणि आम्ही ज्याला 'रणगाडे' म्हणायचो तो बॅटल सिटी. टीव्हीची एरियलची वायर काढून गेमची वायर खोचायची, टीव्हीखालचं छोटं झाकण उघडून नखाएवढं चाक फिरवत बसायचं, आणि मुंग्यांच्या पडद्यातून हळूहळू मारिओ वर यायचा. आमच्या घरी चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट होता. मारिओची टोपी लाल असते हे मला दोन वर्षांनी शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर कळलं.

या यंत्राचं मूळ क्योटोत. तिथल्या निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ ला जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' विकायला काढला. मासायुकी उएमुरा या अभियंत्यानं त्याची जडणघडण केली होती. पुढं तैवानमध्ये त्याच्या चिपांच्या नकला तयार झाल्या, आणि त्या नकलांवर उभी राहिलेली स्वस्त यंत्रं रशियापासून इंदापूरपर्यंत पोचली. आमचं यंत्र त्यांतलंच एक.

ते मी जाळलं. १९९७ च्या मे महिन्याच्या सुट्टीत गेमच्या अडॅप्टरची वायर तुटली. घरात टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर होता, त्याचंही टोक तसंच गोल, त्याच्यावरही नऊ व्होल्ट लिहिलेलं. मी खोचला. लाल दिवा लागला नाही, एक बारीक 'टक' झालं आणि केस जळल्यासारखा वास आला. टोक सारखं असलं तरी आतलं प्लस-मायनस उलटं होतं. सातशे रुपये. आईचं झाकण अजून नवं होतं. मी यंत्र पुन्हा झाकून ठेवलं आणि दोन आठवडे 'परीक्षेनंतर कंटाळा आलाय' असं सांगत राहिलो. वडिलांना खरं वाटलं, हेच मला जास्त लागत होतं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मंडईच्या पिशवीत यंत्र घालून मी तात्यांच्या दुकानात गेलो. एसटी स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दहा बाय आठचं दुकान. पाटीवर रेडिओ, टीव्ही, टेप, मोटार वाइंडिंग असं सगळं लिहिलेलं. आत पाठ काढलेले टीव्ही भिंतीकडं तोंड करून बसलेले, आणि वरच्या फळीवर, वायरींच्या वेटोळ्यांच्या शेजारी, खोळीत घातलेला पखवाज. तात्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. तुकोबांची पालखी इंदापूरला मुक्कामाला आली की त्या रात्री दुकानाला कुलूप, आणि दुसऱ्या दिवशी डोळे तांबडे.

त्यांनी पिशवीत हात घातला, यंत्र बाहेर काढलं आणि नाकाला लावलं. "उलटा घातलास?"

मी रडायला लागलो. ते काही बोलले नाहीत. चार स्क्रू काढले. मला वाटलं होतं आत काहीतरी अफाट असेल. आत होती तळहाताएवढी हिरवी पाटी. मधोमध डांबराच्या थेंबासारखे काळे टिपके, एका कडेला लहानशी पत्र्याची डबी, आणि एका कोपऱ्यात तीन पायांचा काळा तुकडा, पाठीला पत्रा लावलेला. तात्यांनी मीटरची टोकं त्याला लावली. "ह्यो मेला. सेव्हंटी एट झिरो फाइव्ह. नऊ आले तरी ह्यानं पुढं पाचच सोडायचे. दारावरचा राखणदार हाय ह्यो. उलटा करंट आला, ह्यानं अंगावर घेतला, आत कुणाला हात लावू दिला न्हाई." शेजारचा फुगलेला कपॅसिटर त्यांनी नखानं दाखवला. "ह्यो त्याचा जोडीदार."

एका मोडक्या रेडिओच्या पाटीवरून त्यांनी ७८०५ उकलून काढला. राळेचा धूर झाला, डाग बसला. माझं काम तिथं संपलं असतं. पण त्यांनी डबीतून चार डायोड काढले, काळे, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, एका टोकाला पांढरी रेघ असलेले. ते चौकोनात जोडून जिथून करंट आत शिरतो तिथं बसवले. मग माझाच तो टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर, ज्यानं सगळं जाळलं होतं, तो हातात दिला. "घाल."

माझा हात पुढं होईना.

"घाल म्हणतो ना. आता उलटा घाल, सुलटा घाल, आत सरळच जाणार. थोडा करंट ही चौघं खात्यात, खाऊ दे."

लाल दिवा लागला. फार पुढं, डिप्लोमाला बारामतीत असताना, मला त्या चौकोनाचं नाव कळलं, ब्रिज रेक्टिफायर, आणि हिशेबही कळला: नवातले जवळपास दीड व्होल्ट डायोडांत जातात, साडेसातच्या आसपास उरतात, ७८०५ ला सातच्या पुढं मिळालं की तो नीट पाच देतो. अगदी काठावर बसवलेला हिशेब. वर्गात सरांनी फळ्यावर ती आकृती काढली तेव्हा मला राळेचा वास आला.

"किती झाले?" मी विचारलं.

"पस्तीस. लिहून ठेवतो. रविवारी येत जा, फिटतील."

वडिलांना त्यांनी कधी सांगितलं नाही. एका बारा वर्षांच्या पोराची अब्रू त्यांनी सांभाळली. मी रविवारी जाऊ लागलो, दहावी होईपर्यंत. पस्तीस रुपये फिटावेत इतकं काम मी तिथं केलं का, याचा हिशेब लागत नाही, कारण मी केलं त्याहून मला मिळालेलंच जास्त होतं. कॅसेट लागली नाही की आम्ही पोरं तिच्यात फुंकर मारायचो. तात्या ओरडायचे, "थुंकी उडतीय, पितळ गंजतंय, खोडरबर घे." कॅसेटच्या कडेच्या साठ पट्ट्या खोडरबरानं घासून मी लख्ख करायचो. बदकं मारायच्या बंदुकीतून काहीच सुटत नाही हे तिथंच कळलं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीच्या तळाशी बसवलेला प्रकाशाचा डोळा तो चौकोन दिसतोय का एवढंच पाहतो. तात्या म्हणायचे, "बंदूक मारत न्हाई, बंदूक बगती."

महिन्यातून एकदा ते सुटे भाग आणायला पुण्याला जायचे. १९९८ च्या हिवाळ्यात मला घेऊन गेले. पहाटेची एसटी, भिगवणपाशी उजनीच्या पाण्यावर धुकं, मग पाटस, यवत, आणि पुणं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शिरल्यावर माझी मानच खाली येईना. तात्यांनी डझनावारी ७८०५ घेतले, पावशेर शिशाची तार घेतली, आणि एका दुकानदाराला माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "माझा असिस्टंट." परतीच्या एसटीत मी ती पुडकी मांडीवर घेऊन बसलो होतो, झोपलो नाही.

दुकानात एक रीत होती. कुणाचाही व्हिडिओ गेम दुरुस्त झाला की तपासणीला मारिओ लावायचा. चित्र दिसतं का हे मी बघायचो. तात्या आवाज ऐकायचे. कोजी कोन्डो यांनी बांधलेली ती मारिओची धून सुरू झाली की तात्यांची बोटं काउंटरच्या लाकडावर भजनी ठेका धरायची. ती धून उड्या मारत जाते, मात्रेच्या अलीकडं पलीकडं पाय टाकते, आणि तात्या आठ मात्रांवर तिला अलगद बसवायचे. गिऱ्हाईक उभं असायचं. तात्या चार आवर्तनं घेतल्याशिवाय बटण बंद करायचे नाहीत. "सूर पांढरी एकचा हाय," ते म्हणायचे, "माझ्या पखवाजाचाच." आणि खरंच, एकादशीला पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून ते वाद्य जुळवत बसले की गेमच्या आवाजाशी ते तंतोतंत जमून यायचं.

बारावीनंतर मी बारामतीला आणि मग पुण्याला गेलो. तात्यांनी २०११ मध्ये दुकान बंद केलं. टीव्ही सपाट झाले होते, दुरुस्तीऐवजी पाटीच बदलायचे दिवस आले होते. त्यांचा मुलगा बारामती एमआयडीसीत नोकरीला, त्यानं त्यांना तिकडं नेलं. काचबिंदूनं दोन्ही डोळे हळूहळू विझत गेले. मी वर्षातून एकदा जायचो, दिवाळीत. तेवढंच.

२०१८ मध्ये पुण्यातल्या एका मित्रानं जुना पीएसपी मला साडेतीन हजारांत दिला. सोनीचं हे हातात धरून खेळायचं यंत्र २००४ च्या डिसेंबरात जपानात आलं आणि त्याचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. माझ्याकडं आलेला ३००० मालिकेतला. त्याची चकती फिरवणारी मोटर गेलेली, म्हणून तो स्वस्त. मला चकती नकोच होती. मी त्याच्यावर कंपनीची शेवटची प्रणाली, ६.६१, चढवली आणि तिच्यावर हौशी लोकांनी केलेली सुधारित प्रणाली. यामुळं यंत्र कंपनीनं न दिलेले कार्यक्रमही चालवतं. माझ्या यंत्रात मी ती कायमची बसवलेली नाही. पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं की मेमरी स्टिकवरची एक छोटी फाइल दरवेळी चालवावी लागते. मला त्याचा त्रास वाटत नाही. पखवाजाची कणीकही दरवेळी नव्यानं लावावी लागते.

मग त्यात एम्युलेटर घातला. एम्युलेटर म्हणजे बहुरूपी. आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा, हवालदाराचा वेष करून, कागदावर खोटं वॉरंट घेऊन, आणि त्याचा आवाज, चाल, मिशी इतकी हुबेहूब असायची की आजी खरंच घाबरायची. पीएसपीची चिप तशीच फॅमिली कॉम्प्युटरच्या चिपेचं सोंग घेते. खेळाला वाटतं आपण त्याच जुन्या यंत्रात आहोत, ज्यात कामाला फक्त २ केबी मेमरी होती. मारिओचा अख्खा खेळ ४० केबीचा. पीएसपीत ६४ एमबी मेमरी आणि ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा प्रोसेसर, म्हणजे कागदावर ऐसपैस जागा. तरी प्रत्येक आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा, आपल्या भाषेत करून दाखवायची, वर सेकंदाला साठ चित्रं काढायची, यात तो प्रोसेसर दमतो. म्हणून अशा लहान यंत्रांसाठी हलके एम्युलेटर लिहिले गेले. ते पडदा ठिपक्या-ठिपक्यानं न रंगवता ओळी-ओळीनं रंगवतात, खेळ जिथं कधी पाऊल टाकत नाही तिथली झाडलोट करत नाहीत. कुणी याला तडजोड म्हणेल. मला त्यात तात्यांच्या दुकानाची रीत दिसते. मोडक्या रेडिओचा ७८०५, चार डायोड, आणि काठावर बसवलेला हिशेब. लागेल तेवढंच, पण लागेल तिथं नेमकं.

पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा, जुन्या खेळाचं चित्र २५६ बाय २४०. ताणलं नाही तर ते मधोमध नीट बसतं, वर-खाली सोळा-सोळा ओळींची काळी कड राहते. मी ताणलं नाही. त्या दिवाळीत पाडव्याला बारामतीला गेलो, तात्यांच्या पलंगाच्या कडेवर बसलो आणि त्यांच्या कानाशी मारिओ लावला.

बोटं आपसूक उठली. पलंगाच्या लाकडावर ठेका सुरू झाला आणि दुसऱ्याच आवर्तनाला थांबला.

"ह्ये पळतंय."

मी म्हणालो, "नाही तात्या, हे अगदी मूळ खेळाप्रमाणं आहे. सेकंदाला साठ चित्रं."

"सूर जागेवर हाय. पर लय चढलीय. कुटं निघालाय एवढ्या घाईनं?"

मला वाटलं, वय झालं, वीस वर्षांनी कुणाला लय आठवते. तसं मी बोललो नाही, पण मनात आणलं, आणि ते ऋणात धरायला हवं. पुण्याला परतताना वाटेत मला साठ हा आकडा टोचायला लागला. साठ चित्रं जपानच्या आणि अमेरिकेच्या टीव्हीला. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला पन्नासचा. जो खेळ दर चित्रागणिक संगीताचं एक पाऊल पुढं टाकतो, तो पन्नासच्या टीव्हीवर सावकाश चालणार. जपानात एक मिनिटात संपणारी धून इंदापुरात बहात्तर सेकंद चालायची. आम्ही सगळ्या पोरांनी मारिओ विलंबित लयीत ऐकला होता आणि तोच आम्हाला खरा वाटत होता. तात्यांचा ठेका त्याच लयीवर बसलेला.

तो पहिला एम्युलेटर काढून मी रेट्रोआर्च हा कार्यक्रम घातला, त्यात एफसीईयूएमएम नावाचा एम्युलेटरचा गाभा. हाही हलकाच, पीएसपीवर निवांत चालतो, आणि त्यात टीव्हीची पद्धत निवडता येते. मी 'पाल' निवडलं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन पुन्हा बारामतीला.

या वेळी तात्यांनी पखवाज जवळ मागवला. सुनेनं खोळ काढून मांडीशी ठेवला. धून सुरू झाली, त्यांनी मान हलवली, "हां, आता चालतंय माणसासारखं." मग उजव्या पुडीवर एक थाप मारली आणि कान तिरका केला. पुन्हा एक थाप.

"पट्टी उतरवलीस. लय जागेवर आणलीस आन सूर घालवलास."

मला त्यांच्याइतका कान नाही, पण पखवाजाशेजारी ऐकल्यावर मलाही ते कळलं. धून अर्ध्या स्वराहून थोडी जास्तच खाली गेली होती. दोन्ही एकत्र हवं होतं: साठवाल्याचा सूर आणि पन्नासची लय.

उत्तर टीव्हीच्या पद्धतींच्या त्याच यादीत होतं, पालच्या खाली. 'डेंडी'. मी तो शब्द आधी वाचून सोडून दिला होता. डेंडी हे रशियातल्या अशाच नकली यंत्राचं नाव, १९९२ च्या शेवटी तिथं विकायला आलेलं, खोक्यावर हत्तीचं चित्र असलेलं. तैवानच्या चिप बनवणाऱ्यांनी पन्नासच्या टीव्हीसाठी नक्कल करताना एक शहाणपण केलं होतं. युरोपसाठीच्या अस्सल यंत्रात २६.६०१७ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो आणि त्याच्या ठोक्यांना सोळानं भागून प्रोसेसर चालतो, म्हणजे १.६६ मेगाहर्ट्झ, म्हणून सूर उतरतो. नकलेत स्फटिक तोच, भागलं पंधरानं. १.७७ येतात. जपानच्या मूळ यंत्रात १.७९. फरक शंभरात एकाहूनही कमी, कानाला सहज न कळणारा. चित्रं पन्नास, सूर जपानचा.

त्या शनिवारी मी इंदापूरला गेलो. माळ्यावर आमचं यंत्र होतं, अजून क्रोशाच्या झाकणात. चार स्क्रू काढले. काळे टिपके, तात्यांचे चार डायोड, डाग अजून चकचकीत. त्या कडेच्या पत्र्याच्या डबीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. बारीक अक्षरांत कोरलेलं: २६.६०१. हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर बाराव्या वर्षी उघडा पडला होता. तात्यांनी तो कधी वाचला नसेल, त्यांना त्याची गरज नव्हती. त्यांच्या बोटांत त्याला पंधरानं भागून आलेलं उत्तर होतं.

इथं एक कबुली द्यायला हवी. आमच्या कॅसेटी चोरीच्या होत्या. आम्हाला ते ठाऊक नव्हतं, दुकानदारालाही बहुधा नसावं. कोजी कोन्डोंना, उएमुरांना, रणगाडे लिहिणाऱ्या नामकोतल्या माणसांना इंदापूरकडून एक पैसा गेला नाही. त्यांनी आम्हाला जे दिलं ते आम्ही फुकट घेतलं. पुढं कमावता झाल्यावर मी मारिओ रीतसर विकत घेतला, पण एका प्रतीनं गावभरचं देणं फिटत नाही. तात्यांचे पस्तीस रुपये निदान वहीत तरी लिहिले गेले होते.

डेंडी निवडून मी बारामतीला गेलो तो २०१९ च्या वारीत, पालखी बारामतीच्या मुक्कामी आली त्या दिवशी. रस्ते दिंड्यांनी भरलेले, भिगवण चौकातून पुढं गाडी जाईना, मी चालत गेलो. तात्या अंघोळ करून, बुक्का लावून खिडकीशी बसले होते, टाळांचा आवाज ऐकत. मुलगा संध्याकाळी त्यांना दर्शनाला नेणार होता. मी काही न सांगता पीएसपी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि धून सुरू केली. पडद्यावर चित्र मधूनच बारीक हिसका घेत होतं. पडदा सेकंदाला साठ वेळा रंगतो आणि चित्रं पन्नास, त्यामुळं दर सहा वेळांत एक चित्र दोनदा दिसतं. मला ते खुपत होतं. तात्यांना पडद्याशी काम नव्हतं.

त्यांनी पखवाजावर थाप मारून पाहिली. मग दुसरी मारली नाही. दोन्ही हात पुड्यांवर ठेवले आणि ठेका धरला. बाहेर दिंडी चालली होती, आत मारिओ, आणि दोघांच्या मध्ये तात्या. चार आवर्तनं झाली. पूर्वी चारनंतर बटण बंद व्हायचं. त्या दिवशी ते थांबले नाहीत, मारिओचा वेळ संपून धून तुटेपर्यंत वाजवत राहिले.

"परत लाव," म्हणाले.

त्यानंतर मी वर्षातून एकदा जाणारा माणूस राहिलो नाही. दीड-दोन महिन्यांनी फेरी होते. पीएसपी बरोबर असतो. प्रोसेसर २२२ वर उतरवून ठेवतो, एवढ्या हलक्या सोंगाला तितकं पुरतं आणि बॅटरी वाचते. गेल्या दिवाळीत धून संपल्यावर तात्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटं केलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला, मागं आला, पुन्हा गेला.

"हितं उंच लागतंय. बॅटरी फुगलीय. काढ."

मी रोज ते यंत्र हाताळतो. मला दिसलं नव्हतं. झाकण सरकवलं तर बॅटरी पोटुशीसारखी वर आलेली. अजून महिनाभर राहिली असती तर झाकण तुटलं असतं, कदाचित पेटलीही असती. मी ती काढून गच्चीवर एका पत्र्याच्या डब्यात, वाळूत ठेवून आलो. पीएसपी बॅटरीवाचून नुसत्या अडॅप्टरवरही चालतो. माझा अडॅप्टर पुण्याला राहिला होता. तात्यांच्या नातवानं घरातल्या वायरींच्या डबीतून तसल्याच टोकाचा, पाच व्होल्टचा एक शोधून आणला.

मी तो खोचायला गेलो तेव्हा तात्यांनी माझं मनगट धरलं.

"प्लस आत हाय का भाईर?"

मी खिडकीशी जाऊन अडॅप्टरवरची आकृती वाचली, मग यंत्रावरची. दोन्हीकडं मधला ठिपका आणि त्याला जोडलेलं प्लस.

"आत."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं, तात्या."

"मग घाल."